पुळण पलटणीचा इतिहास लिहिताना

काल्पनिक देश रचायला बसलं की पहिला मोह नकाशाचा होतो आणि दुसरा फौजेचा. मला दोन्ही झाले. कादंबरीसाठी 'वेळाण' नावाचं सहा लाख वस्तीचं द्वीपराष्ट्र रचलं आणि त्याला चाळीस हजारांचं नौदल पायदळ देऊन टाकलं. नाव 'पुळण पलटण', पुळण म्हणजे किनाऱ्याची वाळू. साडेतीनशे वर्षांत एकही लढाई न हरलेली. बोधवाक्य, निशाण, टोपीचा रंग, सगळं तयार. बोधवाक्य संस्कृतात होतं. त्या देशात संस्कृत कोणालाच येत नाही, हे माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं.

ती चाळीस पानं मी आमच्या शेजारच्या तांडेलकाकांना वाचायला दिली. जन्म मचव्यावर गेलेला माणूस. मोठ्या हल्ल्याचं प्रकरण वाचून त्यांनी चष्मा काढला नि विचारलं, "तिथी कुठली रे ही?"

"तिथी?"

"अरे बाबा, एवढी माणसं उतरवलीस किनाऱ्यावर. भरती होती का ओहोटी? उधाण का भांग?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांना असलं काही लिहायचं आहे त्यांनी सुरुवात इथूनच करावी. आधी समुद्र, मग सैनिक. कोकणात तिथीला तीनने गुणून चारने भागतात आणि भरतीची वेळ काढतात. अष्टमीला सहा वाजता भरती, आणि ती भांगाची, म्हणजे पाणी फारसं चढत नाही. तुमच्या देशाला चंद्र एक आहे की दोन, पुळण उतरती आहे की पुढे खडक, हे ठरल्याशिवाय हल्ल्याची तारीख लिहूच नका.

हे किती महागात पडतं ते तारावाला दिसलं. २० नोव्हेंबर १९४३ ला अमेरिकी मरीन्स, म्हणजे त्यांचं नौदल पायदळ, पॅसिफिकमधल्या या तारावा बेटसमूहातल्या बेटिओ बेटावर उतरले. दिवस भांगाचा. त्यांच्या उतरणाऱ्या होड्यांना चारेक फूट पाणी लागायचं, आणि प्रवाळाच्या कड्यावर तेवढं पाणी चढलंच नाही. होड्या अडकल्या. माणसं छातीभर पाण्यातून, समोरून मशीनगन चालू असताना, शेकडो यार्ड चालत गेली. कड्यावरून चढून जाणाऱ्या पट्ट्यांच्या गाड्या होत्या, पण सगळ्यांना पुरतील एवढ्या नव्हत्या. बेट ७६ तासांत पडलं, अमेरिकेची हजाराच्या आसपास माणसं गेली, आणि त्यानंतर त्या गाड्या वाढवायचं नि किनारा आधी तपासायचं काम मनावर घेतलं गेलं. कुठल्याही पलटणीचा खरा इतिहास असा एखाद्या फसलेल्या किंवा फार महाग पडलेल्या दिवसापासून पुढे सरकतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात असा दिवसच नव्हता, म्हणून पलटण साडेतीनशे वर्षं होती तशीच राहिली.

दुसरा प्रश्न स्वतःला विचारा: ही माणसं जहाजावर आली कशाला? "शूर होते म्हणून" हे उत्तर नाही. ब्रिटिशांची पहिली सागरी पलटण १६६४ ची, बाराशे माणसांची. डचांशी युद्ध दिसत होतं आणि जहाजांवर बंदूक चालवणारे शिपाई हवे होते. पुढे त्यांच्याकडे आणखी एक काम आलं, जे दंतकथांत कमी सांगितलं जातं: खलाशांपासून अधिकाऱ्यांचं रक्षण. जहाजावर मरीन्सची झोपायची जागा अधिकारी आणि खलाशी यांच्या मधे असे. १७९७ मध्ये ब्रिटिश आरमारात मोठी बंडं झाली आणि १८०२ मध्ये मरीन्सना 'रॉयल' ही पदवी मिळाली. हे वाचल्यावर माझ्या पलटणीला पहिल्यांदा जीव आला. खलाशी त्यांना का टाळतात, जेवायला वेगळे का बसतात, एकाच बंदरातल्या दोन भावांपैकी एक पलटणीत गेला की घरात काय होतं, हे सगळं त्या एका झोपायच्या जागेतून निघालं.

आपल्याकडचंही पाहा. त्याच १६६४ मध्ये मालवणजवळ कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू झालं. १६७९ मध्ये मुंबईजवळच्या खांदेरी बेटावर मराठे तटबंदी करत होते, आणि इंग्रजांची मोठी जहाजं राखण करत असताना मराठ्यांच्या आरमाराचा सरदार मायनाक भंडारी याची माणसं उथळ पाण्यातून, रात्रीच्या काळोखात, छोट्या होड्यांनी सामान पोचवत होती. इथे आरमार आणि किल्ल्याची शिबंदी हे वेगळे काढताच येत नाहीत. तुमचा देश उथळ खाड्यांचा असेल तर युरोपच्या साच्यापेक्षा हा साचा जवळचा पडेल. मी आळसाने युरोपचाच घेतला होता.

आता सर्वांत चुकणारी गोष्ट: सलगता. खऱ्या पलटणी मोडतात. ब्रिटिशांनी १७१३ च्या युट्रेक्ट तहानंतर सागरी पलटणी मोडल्या किंवा पायदळात वळवल्या, १७३९ मध्ये नव्या उभारल्या, युद्ध संपताच त्याही मोडल्या. १७५५ मध्ये ५० कंपन्या आरमाराच्या हाताखाली कायमच्या झाल्या. अमेरिकी मरीन्स १७७५ चे, १७८३ ला विसर्जित, १७९८ ला पुन्हा सुरू. तरी वाढदिवस १० नोव्हेंबर १७७५ चाच साजरा होतो. मधली पंधरा वर्षं केकच्या वाटेत येत नाहीत. या फटीत गोष्टी सापडतात. मी वेळाणची पलटण बावीस वर्षं मोडून ठेवली. खजिन्यात पैसा नव्हता, मोडलेले शिपाई मिठागरांवर राखणीला गेले, आणि पुन्हा शिपायांची भरती निघाली तेव्हा त्यांतले काही मुलांना घेऊन रांगेत उभे राहिले.

आकड्यांचं थोडक्यात सांगतो. साडेसहा कोटींहून जास्त वस्तीच्या ब्रिटनकडे रॉयल मरीन्स सहा हजारांच्या घरात आहेत. माझे चाळीस हजार आता सहाशे झालेत. 'निवडक' हा शब्दही मी खोडला. त्याऐवजी परीक्षा लिहिली. रॉयल मरीन्सची हिरवी टोपी मिळवताना शेवटी डार्टमूरच्या माळावर पाठीवर वजन घेऊन ३० मैल आठ तासांत पार करावे लागतात, अधिकाऱ्यांना सात तासांतच. अधिकाऱ्याला एक तास कमी, हा एवढा तपशील त्या फौजेबद्दल जे सांगतो ते विशेषणांच्या पानभर माळेने सांगता येत नाही. माझ्या पलटणीची परीक्षा खाजणातली आहे: ओहोटीला निघायचं आणि भरती यायच्या आत पलीकडच्या बांधावर पोचायचं. त्यावरून पायदळवाले त्यांना हिणवायला 'चिखल्ये' म्हणतात. ते नाव त्यांनी स्वतःच टोपीवर शिवून घेतलं. संस्कृत बोधवाक्य गेलं.

नवा खर्डा अकरा पानांचा झाला. तांडेलकाकांनी तो ओटीवर बसून सावकाश वाचला. तिथी जागेवर होती, भरतीची वेळ बरोबर होती. "बरं जमलंय," म्हणाले. मग पान मागे उलटलं. "तीन दिवस त्या बेटावर होते म्हणतोस. गोडं पाणी कुठलं प्यायले?"

हा प्रश्नही पोकळ नव्हता. सप्टेंबर १९४४ मध्ये पेलेलिऊ बेटावर भाजून काढणाऱ्या उन्हात अमेरिकी मरीन्सना नीट न धुतलेल्या तेलाच्या पिंपांतून पाणी पोचलं, आणि ते पिऊन माणसं आजारी पडली. सध्या मी वेळाणच्या पिंपं बनवणाऱ्या आळीचा इतिहास लिहितोय.