पानातील हायड्रोजन पेरॉक्साइड तपकिरी रंगात कसे पाहावे

कडक उन्हात पर्णरंध्रे मिटू लागतात आणि कार्बन डायऑक्साइड तुटपुंजा पडतो, पण हरितद्रव्य प्रकाश शोषतच राहते. मग पहिल्या प्रकाशप्रणालीतील (हरितलवकातील प्रकाश पकडणाऱ्या दोन प्रथिन-संचांपैकी एकातील) काही इलेक्ट्रॉन थेट ऑक्सिजनवर जाऊन सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रूप तयार होते आणि सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे विकर त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये रूपांतर करते. हे पेरॉक्साइड साचले तर पेशीला घातक ठरते, मात्र मर्यादेत असताना तेच संरक्षक जनुकांना जागे करणारा निरोप ठरते. इंदुरातील एप्रिलची दुपार हे पाहण्यास फार सोयीची असते.

यासाठी डायअमिनोबेन्झिडीन, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत ‘डॅब’, वापरावे. पानातील पेरॉक्सिडेज विकराच्या साह्याने ते हायड्रोजन पेरॉक्साइडशी अभिक्रिया करते व जागच्या जागी तपकिरी साका बसतो. डॅब कर्करोगकारक असल्याचा संशय असल्यामुळे हातमोजे घालूनच काम करावे, उरलेले द्रावण बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत साठवावे आणि हा प्रयोग घरच्या स्वयंपाकघरात मुळीच करू नये.

रोपे निवडताना घाई नको. टोमॅटोची एकाच दिवशी पेरलेली रोपे जाळीच्या सावलीत वाढवावीत, कारण आठवडे गच्चीवर काढलेले रोप उन्हाला सरावते, त्याची संरक्षक विकरे वाढलेली असतात आणि फरक फिका पडतो. आदल्या संध्याकाळी सर्व कुंड्यांना सारखेच पाणी द्यावे. दुपारी निम्मी रोपे तासभर उघड्या उन्हात ठेवावीत, निम्मी सावलीतच राहू द्यावीत आणि दोन्हींवरून सारख्याच वयाची पाने धारदार ब्लेडने देठापाशी कापावीत. मी पहिल्या वर्षी मंडईतून आणलेल्या मेथीच्या पानांवर हे केले आणि जवळजवळ प्रत्येक पान तपकिरी झाले, कारण चुरगळणे हीदेखील जखमच असते व जखमेतूनही पेरॉक्साइड निर्माण होते.

५० मिलिग्रॅम डॅब ४५ मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात घालून, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने सामू ३ पर्यंत आणून, अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळलेल्या भांड्यात ढवळावे. विरघळल्यावर २५ मायक्रोलिटर ट्वीन-२० (पान नीट भिजवणारे साबणासारखे द्रव्य) आणि २०० मिलिमोलर डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेटचे २.५ मिलिलिटर द्रावण मिसळावे, म्हणजे सामू ७ च्या आसपास येतो. द्रावण त्याच दिवशी वापरावे.

द्रावण पानाच्या आत शिरवावे लागते; त्यासाठी निर्वात पंप नसल्यास सुई काढलेली मोठी सिरिंज पुरते: द्रावण व पानाची चकती आत घ्यावी, हवा बाहेर काढावी, टोक बोटाने बंद करून दट्ट्या हलकेच मागे ओढावा व सोडावा. चकती गडद दिसू लागली की द्रावण आत शिरले असे समजावे. त्यानंतर चार-पाच तास अंधारात ठेवावे.

हिरवा रंग काढण्यासाठी इथेनॉल, अॅसेटिक आम्ल व ग्लिसरॉल यांच्या ३:१:१ मिश्रणात पाने सुमारे १५ मिनिटे तापवावीत. इथेनॉल पेट घेते, म्हणून ज्योतीऐवजी विजेवर तापणारे गरम पाण्याचे पात्र (वॉटर बाथ) वापरावे.

डॅबविना द्रावणात ठेवलेले एक पान आणि डॅबसोबत पेरॉक्साइड नष्ट करणारे अॅस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्व) दिलेले दुसरे पान यांच्याशी तुलना न करता रंगाचा अर्थ लावू नये. कापलेल्या कडेची तपकिरी पट्टी मोजणीतून वगळावी. शिरांलगतचा रंग मात्र काळजीपूर्वक नोंदवावा, कारण अॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीत तीव्र प्रकाशात पेरॉक्साइड तेथील पेशींत साचलेले आढळते. पान तपकिरी झाले म्हणजे ते मरू लागले, असा निष्कर्ष विद्यार्थी हमखास काढतात. तो तपासण्यासाठी उन्हात ठेवलेल्या त्याच रोपाला पुन्हा सावलीत ठेवून दुसऱ्या दिवशी त्याचे आणखी एक पान रंगवावे. या पानाचा रंग फिका आला, तर पेरॉक्साइडचा निचरा करणारी विकरे कामाला लागली आहेत. सिंग्लेट ऑक्सिजन हे ऑक्सिजनचे आणखी एक क्रियाशील रूप या पद्धतीने दिसत नाही, आणि सुपरऑक्साइडसाठी निळा साका देणारे नायट्रोब्लू टेट्राझोलियम वेगळ्या पानावर वापरावे लागते.