उसाच्या ट्रॉलीचा बाटली जॅक घरच्या घरी कसा दुरुस्त करावा

भरलेली ट्रॉली जॅकवर घेतलीय, चाकाचे नट सैल केलेत आणि रॅम, म्हणजे वजन उचलणारा दांडा, हळूहळू खाली यायला लागलाय. गळीत हंगामात ऊस ओढणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही. माझ्यावर तो तीन वर्षांपूर्वी आला, रात्री अकराच्या सुमारास, नुकतंच पाणी दिलेल्या काळ्या रानाच्या कडेला. ॲक्सलखाली बाभळीचे दोन ओंडके रचलेले होते म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी तो 20 टनी जॅक भंगारात घालायला निघालो, तर वाटेत ओळखीच्या मिस्त्रींनी तो हातात घेतला, उलटा करून बघितला आणि म्हणाले, "ह्याला काही झालेलं नाही. ह्याच्या पोटात घाण गेलीय."

त्यांनी माझ्यासमोर जॅक खोलला. आतल्या एका छर्‍याच्या बैठकीत, म्हणजे तो जिथं टेकून तेल अडवतो त्या जागी, गंजाची खपली अडकली होती, तिळाच्या निम्म्याएवढी. ती काढली, धुतलं, तेल बदललं, जॅक आजही चालतोय. तेव्हापासून घरचे आणि भावकीतले जॅक मीच खोलतो, आणि बहुतेक वेळा आत मोडलेलं काहीच सापडत नाही. सापडते ती घाण, पाणी आणि कडक झालेलं रबर. या तिन्हींवर घरी इलाज करता येतो.

आत काय चालतं ते आधी समजून घ्या

बाटली जॅकमध्ये दोन दांडे असतात. हँडलला जोडलेला बारीक दांडा म्हणजे पंप, आणि वजन उचलणारा मधला जाड दांडा म्हणजे रॅम. बाहेरची 'बाटली' ही नुसती तेलाची टाकी आहे. हँडल वर केलं की पंप टाकीतून तेल ओढतो, खाली दाबलं की तेच तेल रॅमखाली ढकलतो. तेल मागे फिरू नये म्हणून वाटेत दोन छर्रे बसवलेले असतात. एक ओढीच्या वाटेवर, दुसरा दाबाच्या वाटेवर. तिसरा बहुतेक जॅकमध्ये रिलीज स्क्रूच्या टोकाशी असतो. हा स्क्रू सैल केला की तेल टाकीत परत जातं आणि रॅम बसतो.

आता हिशेब बघा. समजा पंपाचा दांडा 12 मिलिमीटरचा आहे आणि रॅम 48 मिलिमीटरचा. व्यास चौपट, म्हणजे क्षेत्रफळ सोळापट. हँडलच्या तरफेचे आणखी पंधरापट धरा. तुम्ही 30 किलोचा जोर लावला की रॅमवर 7,200 किलो उचलले जातात. त्या वेळी आतल्या तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 400 किलो असतो. मोटारीच्या टायरात हाच दाब दोन-सव्वादोन किलो असतो. एवढ्या दाबाखाली छर्‍याखालची एक खपलीही तेलाला वाट करून देते. म्हणून जॅकच्या कामात हत्यारांपेक्षा स्वच्छता मोठी.

खोलायच्या आधी दुखणं ओळखा

जॅक न खोलताच बरंच कळतं. हँडल दाबून सोडल्यावर ते आपोआप वर येत असेल तर दाबाच्या वाटेवरचा छर्रा गळतोय. रॅमखालचं तेल उलटं पंपाकडे येतंय. हँडल जागेवर आहे पण रॅम उतरतोय, तर रिलीज स्क्रूचा छर्रा नाहीतर रॅमचं सील, म्हणजे तेल अडवणारं रबर, बघायचं. हँडल मारताना स्पंजासारखं मऊ लागतं तेव्हा आत हवा असते. जॅक चांगला उचलतो पण शेवटची दोन बोटं उंची गाठत नाही, तेव्हा तेल कमी आहे. खोलायची गरजच नाही. पंपाच्या दांड्याभोवती तेल पाझरत असेल तर तिथली ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी, गेली. आणि कितीही हँडल मारलं तरी रॅम हलतच नसेल, तर आधी रिलीज स्क्रू पूर्ण बंद आहे का, तेल आहे का ते पाहा. दोन्ही ठीक असेल तर ओढीच्या छर्‍याखाली घाण आहे.

सामान

मोठा पाईप पाना, नेहमीचे पाने, पक्कड, शिकंजा, सर्क्लिपची पक्कड, लोहचुंबक, धुण्यासाठी स्वच्छ डिझेल किंवा रॉकेल, जुन्या सुती धोतराचे फडके. कॉटन वेस्ट वापरू नका, तिचे धागे आत राहतात आणि तेच पुढे छर्‍याखाली जाऊन बसतात. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण आत स्प्रिंग आहेत.

तेल 32 नंबरचं हायड्रॉलिक. हे तेल पातळ असतं, थंडीच्या पहाटेही जॅक लगेच उचलतो. ब्रेक ऑइल मात्र चुकूनही घालू नका. दिसायला ते चालेलसं वाटतं, पण ते वेगळ्या जातीचं तेल आहे. जॅकमधलं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं आणि थोड्याच दिवसांत सगळी सीलं निकामी होतात. मी असा जॅक खोललाय. ओ-रिंग बोटाला काळ्या चिकासारखी लागत होती. इंजिन ऑइलनं लगेच नुकसान होत नाही, पण ते जाड असल्यानं छर्रे आळशासारखे बसतात.

खोलणं

पहिलं काम बाहेरून धुण्याचं. जॅकवर चढलेली मळी, ग्रीस आणि माती डिझेल-ब्रशनं पूर्ण काढा. घाणेरडा जॅक खोलला की ती सगळी घाण आत जाते. मग रिलीज स्क्रू सैल करा आणि रॅम पूर्ण खाली दाबा, म्हणजे आत दाब उरत नाही. टाकीचं रबरी बूच काढून जॅक पसरट भांड्यात उलटा करा.

आलेलं तेल नीट बघा. ताकासारखं पांढुरकं असेल तर पाणी गेलंय. ट्रॉली धुताना जॅक तिच्यातच राहिला की असं होतं. काळं असेल तर रबर झिजतंय. उन्हात धरल्यावर तेलात चमक दिसली तर लोखंड लोखंडावर घासतंय, आणि सिलिंडरची, म्हणजे रॅम ज्या नळीत सरकतो तिची, भिंत बारकाईनं तपासावी लागणार.

आता हँडलच्या खोबणीची पिन काढा, पंपाचा दांडा वर ओढून घ्या आणि पंपाचं घर पान्यानं खोला. त्याच्या खालचं वायसर हरवू देऊ नका. नंतर रिलीज स्क्रू पूर्ण काढून जॅक कलता करा, छर्रा बाहेर येईल. नाही आला तर चुंबक लावा. बुडाला छोटे स्क्रू असतात, ओढीचा आणि दाबाचा छर्रा त्यांच्या मागे बसतो. हे छर्रे दिसायला सारखे असले तरी मापात फरक असू शकतो. मी खणांचं स्टीलचं ताट घेतो. एका खणात एका वाटेचा छर्रा, स्प्रिंग आणि स्क्रू. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढतो. जोडताना स्मरणशक्तीवर भिस्त ठेवावी लागत नाही.

बुडाला असाही एखादा स्क्रू असतो ज्यावर रंग किंवा लाख लावून तो बंद केलेला असतो. जादा वजन आल्यावर तेल टाकीत सोडणारा हा सुरक्षेचा व्हॉल्व्ह. त्याला हात लावायचा नाही. तो आवळून 20 टनी जॅक 25 टनी होत नाही, फुटायला मात्र तयार होतो.

खरा जोर लागतो तो वरच्या मोठ्या नटाला. जॅकचं बूड शिकंज्यात पक्कं धरा, आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, सकाळी पाईप पान्याच्या दांड्यावर तीन फुटी पाईप चढवून एकसारखा जोर द्या. हिसके देऊ नका. गॅसची ज्योत तर नकोच, आत तेलाचा अंश असतो. नट निघाला की टाकीची नळी आणि मग रॅम सरळ वर निघतो.

सीलं आणि छर्रे

सगळे भाग डिझेलमध्ये धुवा, तेलाच्या प्रत्येक भोकातून कॉम्प्रेसरची हवा मारा. गावातल्या पंक्चरच्या दुकानात हे दोन मिनिटांत होतं. त्या हवेत पाण्याचा अंश असतो, म्हणून नंतर भाग उन्हात सुकवा आणि शेवटी नव्या हायड्रॉलिक तेलानं विसळा.

रॅमवरून नख फिरवा. वरवरचा गंज 600 नंबरच्या पॉलिश पेपरला तेल लावून निघतो. नख अडकेल एवढा खड्डा असेल तर नवं सीलही तिथं फाटणार. तसा रॅम किंवा तसा सिलिंडर असेल, किंवा बुडाला तडा असेल, तर जॅक खरोखर भंगारात द्यावा. तड्यावर वेल्डिंग मारून तो पुन्हा ट्रॉलीखाली लावणं म्हणजे जिवाशी खेळ.

सीलांचा संच मिळाला तर उत्तम. नसेल तर सीलांच्या दुकानात जुनी ओ-रिंग दाखवून नवी आणू नका, इथं सगळ्यात जास्त चूक होते. जुनी रिंग एकतर चपटी झालेली असते नाहीतर फुगलेली. व्हर्नियरनं खाचेची रुंदी, खाचेच्या तळाचा व्यास आणि सिलिंडरचा आतला व्यास मोजा. जमत नसेल तर ते भागच दुकानात घेऊन जा. नायट्राइल रबराची, जास्त कडकपणाची रिंग मागा.

बसवताना दिशा महत्त्वाची. यू आकाराच्या सीलचं उघडं तोंड दाबाच्या तेलाकडे, म्हणजे खाली. ओ-रिंगसोबत पांढरी कडक रिंग असेल तर ती तेलाच्या उलट बाजूला, म्हणजे ओ-रिंगच्या वर. ओ-रिंग दाबानं फटीत चिरडू नये यासाठीच ती असते. पांढरी रिंग ताठ वाटली तर थोडा वेळ गरम पाण्यात ठेवा. ओ-रिंग आट्यांवरून नेताना आट्यांवर प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळा आणि सगळ्याला तेल लावा. स्क्रू ड्रायव्हरनं रेटलेली रिंग बसते, पण चिरते, आणि पुन्हा सगळं खोलावं लागतं.

छर्‍यावर डाग किंवा रेघ दिसली की तो बदला. त्याच मापाचा नवा छर्रा बेअरिंगच्या दुकानात मिळतो. बैठक थोडी खराब असेल तर जुना छर्रा तिच्यावर ठेवून पितळेच्या सळईनं हातोडीचा एकच हलका ठोका द्यायचा. बैठक गोल होते. मग तो छर्रा टाकून नवा घाला. तांब्याची वायसर जुनीच वापरायची असतील तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. तांबं मऊ पडतं आणि पुन्हा घट्ट बसतं.

जोडणं, तेल आणि हवा

जोडणी उलट्या क्रमानं. फोटो समोर ठेवा. वरचा नट शेवटी, टाकीच्या नळीखालचं वायसर आपल्या जागी आहे याची खात्री करून.

तेल भरताना रॅम पूर्ण खाली आणि जॅक उभा हवा. बुचाच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल आलं की थांबा. रॅम वर असताना काठोकाठ भरलं तर खाली येताना तेलाला जागा उरत नाही, आणि ते वरच्या नटातून बाहेर पडतं.

हवा काढण्यासाठी रिलीज स्क्रू सैल ठेवून दहा-पंधरा वेळा भराभर हँडल मारा. मग स्क्रू बंद करून, वजन न लावता, रॅम पूर्ण वर न्या. पुन्हा सोडून हातानं खाली दाबा. असं दोन-तीन वेळा केलं की हँडल कडक लागायला लागतं. तेल थोडं उतरलेलं असेल, तेवढं भरून बूच लावा.

चाचणी

पहिल्यांदाच भरलेल्या ट्रॉलीखाली लावू नका. सपाट, कडक जागेवर मोकळी ट्रॉली घ्या, पलीकडच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, ॲक्सल उचला आणि त्याच्याखाली दोन बोटांचं अंतर ठेवून ओंडके रचा. रॅमवर खडूची खूण करून अर्धा तास सोडा. खूण हलली नाही तर काम झालं. थोडी हलली तर बहुतेक वेळा रिलीजचा छर्रा असतो. स्क्रू काढून तेवढाच भाग पुन्हा धुवा. तेल कुठून येतंय ते हातानं चाचपू नका, पुठ्ठा धरा. एवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते आणि तशी जखम झाली तर तातडीनं दवाखाना गाठावा लागतो.

रिलीज स्क्रू हातानं बंद होईल तेवढाच आवळायचा. पान्यानं पिळला की छर्रा बैठकीत रुततो आणि मग तो कधीच नीट बसत नाही. रानात जॅक लावताना खाली जाड फळी घ्या, नाहीतर काळ्या मातीत तो कलंडतो आणि वाकडा भार येऊन रॅमवर ओरखडे उठतात. जॅक दुरुस्त असो की नवा, नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या ट्रॉलीखाली शिरायचं नाही.

आमच्याकडे खंडेनवमीला पाने, कोयते, जॅक सगळं पूजेला मांडतात. मी त्याच्या आधीच्या आठवड्यात जॅक खोलतो. हंगाम सुरू व्हायला अजून वेळ असतो आणि सीलं आणायला बाजारही सापडतो. पूजा झाली की रॅम खाली, रॅमच्या माथ्यावरच्या स्क्रूला ग्रीस, आणि जॅक पोत्यात गुंडाळून ट्रॅक्टरच्या पेटीत उभा.