कस्टम (खास बनवून घेतलेल्या) शिकारी रायफलची बॅरल (नळी) बदलताय? स्वस्तात होतं, पण या चुका टाळा

पहिली चूक म्हणजे बॅरल गेली असं ठरवून मोकळं होणं. मी स्वतः केलीये म्हणून सांगतो. माझ्या .३०८ काडतुसाच्या रायफलीचा शंभर यार्डावरचा ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पसारा) इंचभराचा होता तो हळूहळू तीन इंचांवर गेला, मी म्हटलं संपली नळी, आणि दोन रात्री कॅटलॉग चाळत बसलो. गनस्मिथकडे नेली तर त्याने खाली ॲक्शनच्या (बॅरल जिच्यात आट्यांनी बसते ती मधली बॉडी) पुढच्या स्क्रूला किल्ली लावली आणि दोन बोटांनी अर्धा आटा फिरवून दाखवला, स्क्रू ढिला! मग त्याने अमोनियावालं कॉपर क्लीनर घालून पॅच ओढला तर तो मोरपंखी निळा होऊन बाहेर आला, म्हणजे खोबणीत तांबं नुसतं थापलेलं. साफ केली, स्क्रू आवळला, ग्रुप परत जागेवर. ती बॅरल अजून चालू आहे.

तेव्हा आधी स्क्रू, स्कोपचे माऊंट, साफसफाई आणि तोंडाकडचा क्राऊन (नळीची शेवटची कड) बघा. क्राऊनला टवका उडाला असेल तर तो लेथवर नव्याने कापून मिळतो, त्यासाठी बॅरल बदलायची गरजच नसते. खरंच झिजलेली बॅरल चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) लगेच पुढे कळते, बोअरस्कोप (नळीत घालायची बारीक दुर्बीण) घातला की तिथे आटलेल्या तळ्याच्या मातीसारख्या भेगा दिसतात. पण .३०८ ला त्या अवस्थेला जायला साधारण पाच हजार राऊंड लागतात आणि शिकारीला माणूस वर्षाला किती झाडतो, चाळीस? करा हिशोब, नातवाला पुरेल. हां, .२६४ विंचेस्टर मॅग्नमसारखं लहान बोअर (नळीचं भोक) आणि भरपूर बारूद असलं प्रकरण असेल तर मात्र नळी खूप लवकर जळते.

आता समजा खरंच बदलायची आहे. सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात: "अमक्या ॲक्शनची बॅरल" म्हणून ऑर्डर करायची आणि आटे मोजायचेच नाहीत. रेमिंग्टन ७०० चे आटे १ १/१६ इंच व्यासाचे, इंचाला १६. माऊझर ९८ लार्ज रिंगचे १.१ इंच, इंचाला १२, आणि त्यांचा कोन ५५ अंशाचा, नेहमीचा ६० चा नाही. होवा १५०० चे मेट्रिक, २६ मिमी व्यास आणि दीड मिमी पिच. हे सगळं ठीक, पण तुमची रायफल कस्टम आहे हो! ती बनवताना आधीच्या गनस्मिथने ॲक्शन सरळ करायला आतले आटे पुन्हा थोडे मोठे कापले असतील तर कंपनीच्या मापाची बॅरल त्यात सैल बसणार, आणि नावावरून ते कळत नाही कारण वर अजून रेमिंग्टन ७०० च कोरलेलं असतं. बोल्टचे (काडतुसामागे बंद होणाऱ्या दांड्याचे) लग, म्हणजे अडकणारे दात, घासून बसवले असतील तरी मापं हलतात. म्हणून जुनी बॅरल काढून आटे, खांदा (बॅरल ॲक्शनला टेकते ती कड), लगपर्यंतची खोली मोजून घ्या, मगच ऑर्डर.

यालाच लागून दुसरा घोळ, शॉर्ट चेंबरची बॅरल. किंमत बघून वाटतं लॉटरी लागली. पण तिचं चेंबर मुद्दाम थोडं कमी कापलेलं असतं, ते रीमरने (चेंबर कापायचं हत्यार) पुरं करून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबरमध्ये काडतूस जिथे अडतं ती जागा यांतलं अंतर, जुळवायचं काम बाकी असतं आणि त्याची मजुरी धरली की स्वस्ताई संपते. सॅव्हेजसारखी बॅरल नट असलेली ॲक्शन असेल तर काम सोपं, नटाने हेडस्पेस जुळवता येतो. पण गो आणि नो-गो गेज (हेडस्पेस तपासायची मापं) पाहिजेतच: गो वर बोल्ट बंद व्हायला हवा, नो-गो वर होता कामा नये. "एक राऊंड घालून बघितला, बंद झाला" ही तपासणी नाही. हेडस्पेस जास्त राहिला तर काडतुसाची पितळी केस बुडाजवळ ताणून फाटते आणि तापलेला गॅस मागे येतो, मागे म्हणजे तुमच्या तोंडाकडे. गेज नसतील तर हे काम गनस्मिथलाच द्या, इथे काटकसर नको.

कॅलिबर बदलायचा मोह होतोच. .३०८, .२४३, ६.५ क्रीडमूर या सगळ्या काडतुसांचं बूड ०.४७३ इंचाचं, त्यामुळे बोल्ट तोच चालतो. .२२३ चं ०.३७८, बऱ्याच मॅग्नमचं ०.५३२, म्हणजे बोल्टचा खर्च वेगळा. .३०-०६ चं बूड जुळतं पण ती लांब, शॉर्ट (आखूड) ॲक्शनच्या मॅगझिनमध्ये मावतच नाही.

ट्विस्टकडे, म्हणजे नळीतली खोबणी किती इंचांत एक पूर्ण वळसा घेते त्याकडे, लोक बघतच नाहीत. सेलमध्ये .२४३ ची दहाला एक ट्विस्टची बॅरल मिळते, घेतात, आणि मग १०५ ग्रेन वजनाची लांब गोळी भरतात. ती नीट स्थिर होत नाही, कागदावर आडवी भोकं पडली की समजायचं. ट्विस्ट ठरतो तो मुख्यतः गोळीच्या लांबीवर. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची अख्खी तांब्याची गोळी जास्त लांब असते, आणि कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. तेव्हा आधी गोळी ठरवा, मग बॅरल.

कंटूर, म्हणजे बॅरलचा बाहेरचा आकार, जाड घेतला तर दस्त्याची खाच कोरावी लागते, विषय संपला. स्टेनलेस की क्रोमोली (पोलादाचे प्रकार), बटन रायफलिंग की कट (खोबणी पाडायच्या पद्धती), यावर लोक तासन्‌तास भांडतात, शिकारीला दोन्ही चालतात. हरणाच्या छातीत नेम धरायची जागा साधारण आठ इंचांची असते, तिथे अर्ध्या इंचाचा ग्रुप देणाऱ्या मॅच बॅरलला दुप्पट पैसे कशाला? गार नळीतून सुटलेली पहिली गोळी दर वेळी त्याच जागी गेली म्हणजे झालं.

माझं मत विचाराल तर टेक-ऑफ बॅरल बघा. लोक नवी रायफल घेतात आणि महागडी नळी लावायला कंपनीची काढून ठेवतात, कधी कधी वीस राऊंडसुद्धा झालेले नसतात. स्वस्तात चांगली वस्तू मिळते, मात्र हेडस्पेस तुमच्या ॲक्शनवर नव्याने तपासावाच लागतो, दुसऱ्याच्या रायफलीत बरोबर होता याला काही अर्थ नाही. आणि पैसे पाठवायच्या आधी परवाना: अमेरिकेच्या संघीय कायद्यात रिसीव्हर (ॲक्शनची मूळ बॉडी) म्हणजे बंदूक, बॅरल सुटा भाग. ब्रिटनमध्ये नुसती बॅरलही फायरआर्म सर्टिफिकेटवर नोंदवलेली लागते. परवान्यात नसलेली नळी हातात आली तर ती फिटिंगच्या चुकीपेक्षा महाग पडेल.

आणि जुनी काढली तर फेकू नका. पुढची नळी चांगली असेल तर मागून इंचभर कापून, आटे आणि चेंबर नव्याने कापून तीच परत बसवता येते, फक्त मागचा भाग तेवढा जाड उरला पाहिजे. गनस्मिथला नव्या बॅरलचा भाव विचारायच्या आधी हे विचारा.