मेक्सिकोतील घरचे रोजचे जेवण: कसे रांधावे, कसे वाढावे

मेक्सिकोचे जेवण म्हटले की आपल्याकडे वितळलेल्या पिवळ्या चीजखाली दडलेले नाचोज आणि कडक कवचाचे टाको डोळ्यांसमोर येतात. हे पदार्थ मुख्यतः अमेरिकेच्या सीमेलगत वाढले. मेक्सिको सिटी, पुएब्ला किंवा ओआहाका इथल्या साध्या घरात दुपारी जे शिजते, ते मका, घेवड्याचे दाणे, मिरची, टोमॅटो आणि भोपळवर्गातल्या कोवळ्या भाज्या यांवर उभे असते. २०१० साली युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हाही एखाद्या मेजवानीच्या पदार्थाचा नव्हे, तर शेतापासून पानापर्यंतच्या या सगळ्या साखळीचा गौरव झाला. हे जेवण सुट्या पाककृतींमधून समजत नाही, कारण आज शिजलेले उद्याच्या पदार्थाचे साहित्य असते. म्हणून इथे चार माणसांच्या एका दिवसाचा स्वयंपाक, आदल्या रात्री मका शिजवण्यापासून दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीपर्यंत, सलग सांगितला आहे.

दिवसाची घडी

आधी वेळा समजून घ्याव्यात. सकाळी लवकर होणारा ‘देसायुनो’ हलका असतो: कॉफी किंवा आतोले (मक्याच्या पिठाचे दाट गरम पेय) आणि एखादा गोड पाव. ज्यांचे काम पहाटे सुरू होते ते दहा-अकराच्या सुमारास ‘आल्मुएर्सो’ म्हणजे भरपेट दुसरी न्याहारी करतात. दिवसाचे मुख्य जेवण ‘कोमिदा’ हे दुपारी दोन ते चारच्या दरम्यान होते, आणि रात्रीची ‘सेना’ पुन्हा हलकी असते. घरी हे जेवण करून पाहायचे असेल तर ते रात्री आठला मांडू नये. अडीच वाजता निवांत बसता येईल असा सुटीचा दिवस निवडावा. पदार्थ जड आहेत आणि त्यांच्यानंतर पुरेसा दिवस शिल्लक राहील, हे गृहीत धरूनच त्यांची रचना झाली आहे.

आदल्या रात्री: मका आणि चुना

या स्वयंपाकातली एकच गोष्ट नीट शिकायची असेल तर ती निक्स्तामाल, म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका, ही होय. सुमारे ९००० वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात रानटी गवतापासून मका घडवला गेला, आणि पुढे तिथल्या लोकांनी तो चुन्याच्या पाण्यात शिजवण्याची रीत शोधली. चुन्यामुळे दाण्याचे टणक साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो, धान्यात कॅल्शियमची भर पडते आणि मक्यात अडकून असलेले नियासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. युरोपने मका नेला, पण ही रीत नेली नाही. परिणामी उत्तर इटली आणि स्पेनमध्ये जिथे गरीब माणूस मक्यावरच जगत होता तिथे नियासिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग पसरला. मेक्सिकोत मात्र तोच मका मुख्य अन्न असूनही ही वेळ आली नाही, हे श्रेय चुन्याचे.

कोरडे, पूर्ण पिकलेले पांढऱ्या मक्याचे ५०० ग्रॅम दाणे घ्यावेत. गोड मका किंवा लाह्यांचा मका चालत नाही. दीड लिटर पाणी स्टीलच्या पातेल्यात गरम करावे. ॲल्युमिनियमचे भांडे टाळावे, कारण चुना त्या धातूला खातो. चुना खाण्याचाच हवा, भिंतीचा नको. कोरडी पूड असेल तर ५ ग्रॅम, आणि पानाच्या दुकानात मिळणारा ओला चुना असेल तर चहाचे दोन सपाट चमचे, आधी वाटीभर पाण्यात कालवून मग पातेल्यात घालावा. हात न लावता चमच्याने ढवळावे, कारण ओला चुना कातडीला जाळतो. त्यात धुतलेला मका टाकून मंद आचेवर तीस ते चाळीस मिनिटे शिजवावा. दाणे लगेच पिवळे होतात, त्याने घाबरू नये. एक दाणा पाण्याखाली धरून बोटांनी चोळावा; साल सहज निघाले आणि दाणा तोडल्यावर आत मध्यभागी कच्चा पांढरा ठिपका दिसला की आच बंद करावी. पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवल्यास पीठ चिखलासारखे होते आणि त्यातून तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या, उभ्या राहत नाहीत. पातेले झाकून रात्रभर, आठ ते बारा तास, तसेच ठेवावे.

सकाळी वरचे पिवळे पाणी फेकून द्यावे आणि दाणे दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवावेत. सगळी साले काढण्याचा अट्टहास नको, कारण थोडी राहिलेली साले पीठ बांधून ठेवतात. आता दळणे. मेक्सिकोत पूर्वी हे काम ‘मेताते’ या तीन पायांच्या उतरत्या दगडावर गुडघे टेकून होई आणि त्यात बायकांची पहाट संपून जाई. आता गल्लीतल्या गिरणीत ओले दाणे दळून मिळतात. आपल्याकडे पाटा-वरवंटा किंवा दगडी वेट ग्राइंडर असेल तर तोच वापरावा. मिक्सरमध्ये पाणी जास्त घालावे लागते, म्हणून दाणे थोडे थोडे घेऊन चमच्या-चमच्याने पाणी घालत वाटावे, आणि तरीही पीठ सैल झाले तर ते स्वच्छ सुती कापडावर पसरून ओलावा कमी होऊ द्यावा. हाताला न चिकटणारा, बोट दाबले असता ठसा उमटणारा पण कडेला न तडकणारा गोळा म्हणजे तयार ‘मासा’.

शहरातली फार थोडी कुटुंबे आज हे सगळे घरी करतात. बहुतेक जण कोपऱ्यावरच्या तोर्तियाच्या दुकानातून किलोच्या हिशेबाने गरम तोर्तिया कागदात गुंडाळून आणतात. चुन्यात शिजवलेल्या मक्याचे कोरडे पीठही मिळते; मासेका या नावाने ते १९४९ पासून मेक्सिकोत विकले जाते. ते वापरायचे तर दोन वाट्या पिठाला साधारण दीड वाटी कोमट पाणी घालून मळावे आणि ओल्या कापडाखाली अर्धा तास ठेवावे. आपल्या किराणा दुकानातले साधे मक्याचे पीठ मात्र त्याच्या जागी चालणार नाही. त्याची भाकरी उत्तम होते, तोर्तिया होत नाही, कारण ते चुन्यातून गेलेले नसते.

सकाळी: घेवड्याचे दाणे

‘फ्रिहोलेस दे ला ओया’, म्हणजे हंडीत शिजवलेले घेवड्याचे दाणे, हे या जेवणाचे दुसरे पाऊल. राजमा हा त्याच वनस्पतीचा दाणा आहे. ओआहाका, वेराक्रूस आणि युकातान इथे काळा दाणा चालतो, उत्तरेकडे ठिपक्यांचा. आपल्या बाजारातला चित्रा राजमा या दुसऱ्याच्या जवळचा आहे. २५० ग्रॅम दाणे रात्री भिजवावेत, सकाळी ताज्या भरपूर पाण्यात अर्धा कांदा, लसणाच्या दोन पाकळ्या आणि चमचाभर तेल घालून शिजवावेत. मेक्सिकोतल्या घरांतही आता कुकर सर्रास वापरतात, तेव्हा संकोच नको. दाणा अर्धकच्चा अजिबात ठेवू नये. कच्च्या राजम्यातला विषारी अंश नीट उकळल्यावरच जातो. मीठ दाणे मऊ झाल्यावर घालावे. काळ्या दाण्यांत तिथे एपासोते नावाचा उग्र वासाचा पाला घालतात. तो मिळाला नाही तर त्याच्या जागी दुसरे काही शोधू नये.

इथे आपला हात फोडणीकडे जातो, आणि तो आवरावा असे मी आग्रहाने सांगेन. हिंग, जिरे, आले, गरम मसाला यांपैकी काहीही न घालता दाण्यांचा स्वतःचा रस जीभेवर येऊ द्यावा. तिखट आणि आंबट चव सालसा (टोमॅटो-मिरचीची ठेचलेली चटणी) व लिंबू पानावर आणतात. हंडीत ती घालायची नसते.

सालसा, भात आणि सूप

लोखंडी तव्यावर चार पिकलेले टोमॅटो, पाव कांदा, दोन-तीन हिरव्या मिरच्या आणि सालासकट लसणाच्या दोन पाकळ्या, तेल न घालता, काळे डाग पडेपर्यंत भाजाव्यात. मेक्सिकोत ज्वालामुखीच्या खडबडीत दगडाच्या ‘मोल्काहेते’ खलात आधी मीठ, सोललेला लसूण व मिरची वाटतात आणि मग टोमॅटो घालून भरड ठेचतात. आपला दगडी खल तेच काम करतो. भाजल्याचे काळे कण राहू द्यावेत, कारण चव त्यांच्यातच आहे. ही सालसा रोज ताजी होते आणि तिच्यावाचून पान मांडले जात नाही. हिरवी सालसा ज्या कागदी आवरणाच्या आंबट फळाची करतात, ते ‘तोमाते वेर्दे’ म्हणजे कच्चा टोमॅटो नव्हे. तेव्हा ते हाती नसेल तर लालच करावी.

भातासाठी एक वाटी लांब तांदूळ दहा मिनिटे गरम पाण्यात भिजवून निथळावा. दोन टोमॅटो, पाव कांदा आणि लसणाची एक पाकळी कच्चीच वाटून ठेवावी. तांदूळ तेलात परतत राहावा, झारा लागताच तो वाळूसारखा वाजू लागला की वाटण घालावे, ते आटल्यावर दोन वाट्या गरम पाणी, गाजराचे तुकडे, मटार, मीठ आणि एक अख्खी मिरची घालून झाकण ठेवावे. पाणी आटेपर्यंत ढवळू नये. तिथे साध्या पाण्याऐवजी बहुधा कोंबडी शिजवलेले पाणी घालतात.

सूप शेवयांचे: ‘सोपा दे फिदेओ’. १५० ग्रॅम साध्या गव्हाच्या शेवया दोन चमचे तेलात बदामी होईपर्यंत परताव्यात, तीन टोमॅटोंचे कांदा-लसणासह केलेले वाटण गाळून घालावे, सव्वा लिटर पाणी ओतून शेवया शिजेपर्यंत उकळावे. मुलांना हे सूप फार आवडते आणि ते वीस मिनिटांत होते.

मुख्य पदार्थ म्हणून ‘कालाबासितास’ करावे: कांदा, लसूण आणि टोमॅटो परतून त्यात कोवळी झुकिनी व कोवळ्या मक्याचे दाणे घालायचे, झाकून त्यांच्याच पाण्यात शिजवायचे आणि वरून मीठ लावलेले पनीर चुरून घालायचे. तिथल्या ताज्या चीजला ते बरेच जवळचे पडते.

पेयासाठी लाल अंबाडीच्या सुकवलेल्या लाल बोंडांच्या मूठभर पाकळ्या लिटरभर पाण्यात दहा मिनिटे उकळून गाळाव्यात, मग आणखी लिटरभर थंड पाणी आणि बेताची साखर घालावी. हीच तिथली ‘आग्वा दे हामाइका’. विदर्भ-मराठवाड्यात ज्यांच्या परसात अंबाडी आहे त्यांनी ही बोंडे जरूर वाळवून ठेवावीत.

तोर्तिया भाजणे

हे काम अगदी शेवटी, माणसे बसण्याच्या अर्धा तास आधी करावे. लिंबाएवढा, साधारण ३० ग्रॅमचा गोळा प्लास्टिकच्या दोन तुकड्यांत ठेवून जड सपाट तळाच्या भांड्याने दाबावा. वीतभरापेक्षा थोडी लहान चकती होते. कडा तडकल्या तर पिठात पाणी कमी आहे, चकती प्लास्टिकला चिकटली तर जास्त. चांगल्या तापलेल्या कोरड्या तव्यावर पहिली बाजू वीस सेकंद, दुसरी मिनिटभर, मग पुन्हा उलटून बोटांनी हलके दाबावे. पीठ जमले असेल तर ती फुगते. उतरवलेल्या तोर्तिया एकावर एक, जाड कापडात गुंडाळून टोपलीत ठेवाव्यात. दहा मिनिटांच्या वाफेने त्या लवचिक होतात, म्हणून ही पायरी गाळू नये. एवढ्या मक्यात सुमारे तीस तोर्तिया होतात. त्यांतल्या दहा-बारा उद्यासाठी बाजूला काढाव्यात.

वाढण्याची आणि खाण्याची रीत

सगळे एकदम पानात वाढत नाहीत. आधी सूप, मग वेगळ्या ताटलीत भात, त्यानंतर मुख्य पदार्थ आणि त्याच्याबरोबर दाणे, त्यांच्या रसासकट, लहान वाडग्यात. ‘फोंदा’ म्हणजे घरगुती खाणावळीत दुपारी मिळणारी ‘कोमिदा कोर्रिदा’ याच क्रमाने येते, तेव्हा तिथे भात आधी आला म्हणून भाजीची वाट पाहत बसू नये. टोपलीतून एक तोर्तिया घ्यावी आणि कापड लगेच पुन्हा झाकावे, नाहीतर उरलेल्या कडक होतात. तोर्तियाचा तुकडा तोडून त्याने घास उचलता येतो. तोर्तियात पदार्थ भरून, ती दुमडून टाको केला असेल तर तो हातानेच खावा. खाणावळीत दुसऱ्या टेबलाजवळून जाताना अनोळखी माणसालाही ‘प्रोवेचो’ म्हणतात, आणि उत्तरादाखल आभार मानतात. जेवण संपल्यावर लगेच उठायचे नसते. रिकाम्या ताटांशेजारी चालणाऱ्या गप्पा हा जेवणाचाच भाग आहे, आणि मागितल्याशिवाय बिल न आणणे हा तिथे यजमानाचा सभ्यपणा समजला जातो.

प्रत्यक्ष मेक्सिकोत जाणाऱ्या शाकाहारी माणसाने एक लक्षात ठेवावे: मांस नको एवढे सांगून भागत नाही. परतलेल्या दाण्यांत आणि तामालेसच्या (पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या पदार्थाच्या) पिठात डुकराची चरबी, तर भातात कोंबडीचे पाणी असू शकते. चरबीला ‘मान्तेका’ म्हणतात, तिचे नाव घेऊन विचारावे. ईस्टरआधीच्या उपवासकाळातील शुक्रवारी अनेक घरांत आणि खाणावळींत मांस टाळतात, तेव्हा बटाट्याच्या आणि भाज्यांच्या पदार्थांची निवड वाढते. तिथल्या बाजारातली ‘वेर्दोलागास’ ही भाजी म्हणजे आपली घोळच, पण ती अनेकदा डुकराच्या मांसाबरोबर शिजवलेली असते.

रात्र आणि दुसरी सकाळ

रात्री वेगळा स्वयंपाक करू नये. उरलेले दाणे कांद्याबरोबर तेलात परतून घोटावेत आणि तोर्तियात भरून तव्यावर शेकावेत. कॉफी किंवा दूध सोबत असले की पुरे.

राखून ठेवलेल्या तोर्तियांचे सकाळी त्रिकोणी तुकडे करून कुरकुरीत तळावेत. दोन वाट्या सालसा थोडे पाणी घालून कढईत उकळावी, त्यात तुकडे टाकून दोनदा खालीवर करावे आणि लगेच ताटलीत काढावे. वरून पातळ केलेली साय, चुरलेले पनीर आणि कांद्याच्या चकत्या, बाजूला घोटलेले दाणे, हवे तर अंडे. हे झाले ‘चिलाकिलेस’. शिळी तोर्तियाच यासाठी चांगली, कारण ताजी तेल पिते.

उरलेला मासा फ्रिजमध्ये एक दिवस टिकतो, त्यानंतर आंबतो. मूठभर मासा लिटरभर पाण्यात कालवून गाळावा, त्यात दालचिनीचा तुकडा आणि चवीपुरता गूळ घालून मंद आचेवर सतत ढवळत दाट करावे. हे आतोले चिलाकिलेसबरोबर गरमच द्यावे. थंड झाले की ते घट्ट होते, मग थोडे पाणी घालून पुन्हा गरम करावे लागते.