राजबंद्यांच्या सुटकेची मोहीम कशी चालवावी

सुटकेची मोहीम म्हटली की कार्यकर्ते आधी सह्यांचे कागद छापायला देतात. ते काम नंतरचं. पहिलं काम म्हणजे आत असलेल्या माणसाला विचारणं: तुम्हाला कोणती सुटका मान्य आहे?

अमेरिकेच्या ताब्यातल्या प्वेर्तो रिको बेटाच्या स्वातंत्र्य चळवळीतले ऑस्कर लोपेझ रिवेरा १९८१ पासून अमेरिकेच्या तुरुंगात होते. १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना आणि काही सहकाऱ्यांना सशर्त सवलत देऊ केली. पण सगळेच सहकारी त्यात नव्हते, म्हणून लोपेझ रिवेरांनी ती नाकारली. इंडोनेशियातल्या पश्चिम पापुआच्या फिलेप कर्मांना २००४ च्या डिसेंबरात तिथल्या स्वातंत्र्य चळवळीचा ‘मॉर्निंग स्टार’ झेंडा फडकवल्याबद्दल पकडलं आणि १५ वर्षांची शिक्षा झाली. २०१५ मध्ये माफीचा विषय निघाला तेव्हा तेही अडून बसले. माफी मागायची तर गुन्हा कबूल करावा लागतो, आणि गुन्हा त्यांना मान्यच नव्हता.

बाहेर लोक ‘माफी द्या’ म्हणून घोषणा देत असतील आणि आतला माणूस माफी घेणारच नसेल, तर त्याच्याच माणसांनी त्याला एकटं पाडल्यासारखं होतं. म्हणून वकिलांमार्फत स्पष्ट विचारून घ्या. पूर्ण माफी, शिक्षेत कपात, पॅरोल आणि खटल्याची फेरसुनावणी या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकीचा अर्ज वेगळा असतो आणि निर्णय घेणारा अधिकारीही बहुधा वेगळा. जे ठरेल तेच प्रत्येक फलकावर आणि निवेदनात लिहा.

मग कागद गोळा करा: अटकेची तारीख, लावलेली कलमं, निकालपत्र, तुरुंग बदलल्याच्या नोंदी, आजारपण, एकांत कोठडीतले दिवस. कैद्यांना कसं वागवावं याच्या संयुक्त राष्ट्रांच्या ‘मंडेला नियमां’नुसार सलग १५ दिवसांहून जास्त एकांतवास देता येत नाही, त्यामुळे हे दिवस नेमके मोजलेले हवेत. या सगळ्यावरून दोन पानांची टिपणी तयार करा. पत्रकार आणि लोकप्रतिनिधी तेवढीच वाचतील.

इथे एक अवघड गोष्ट येते. खटल्यात शस्त्रांचा किंवा स्फोटांचा उल्लेख असेल तर तो लपवू नका. लोपेझ रिवेरांच्या संघटनेने बॉम्बस्फोट केले होते, त्यात माणसं मेली होती, आणि मृतांच्या नातलगांचा सुटकेला विरोध होता. कोणालाही इजा केल्याचा आरोप लोपेझ रिवेरांवर सिद्ध झाला नव्हता. दोष ठरला तो मुख्यतः राजद्रोही कटाचा. मोहिमेला हे दोन्ही सांगता आलं पाहिजे. मृतांबद्दल आदराने बोला आणि शिक्षा किती लांबली आहे यावर बोट ठेवा.

देशातल्या न्यायालयांत दाद लागत नसेल तर संयुक्त राष्ट्रांच्या मनमानी स्थानबद्धतेसंबंधीच्या कार्यगटाकडे अर्ज करता येतो. त्यासाठी देशातल्या सगळ्या न्यायालयांची वाट संपलेली असण्याची अट नाही. कर्मांची कैद मनमानी असल्याचं मत या गटाने २०११ मध्ये दिलं. ते सुटले नोव्हेंबर २०१५ मध्ये. असं मत हाती आलं म्हणून कोणी दुसऱ्या दिवशी दार उघडत नाही, पण पुढच्या प्रत्येक पत्राला ते जोडता येतं.

आता माणसं जमवा. इथे मोठ्या मोर्चापेक्षा नियमितपणा महत्त्वाचा. प्वेर्तो रिकोच्या राजधानीत, सान हुआनमध्ये, लोपेझ रिवेरांसाठी स्त्रिया दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी पुलावर उभ्या राहायच्या. लोकांनी चौकांत खोट्या कोठड्या उभारून त्यात स्वतःला बंद करून घेतलं. आर्चबिशप डेस्मंड टुटूंसारखे नोबेल विजेतेही पाठीशी उभे राहिले. सह्या आता घ्या. नाव आणि मागणी लोकांच्या तोंडी बसलेली असते.

कैद्याचं पत्र किंवा फोटो त्याच्या संमतीशिवाय छापू नका. तुरुंगातली पत्रं वाचली जातात हे लक्षात ठेवून लिहा. मोहिमेमुळे आतला जाच वाढला, तर पुढे काय करायचं ते घरच्यांना विचारा.

सुटकेच्या दिवसाची तयारीही आधीच करा. ओबामांनी १७ जानेवारी २०१७ ला लोपेझ रिवेरांची शिक्षा कमी केली, तरी १७ मेपर्यंत त्यांना मुलीच्या घरी नजरकैदेत राहावं लागलं. मधल्या काळातल्या अटी वकिलाकडून लिहून घ्या, डॉक्टर ठरवून ठेवा, आणि सत्काराची तारीख त्या माणसालाच ठरवू द्या.