डिझेल की हायब्रिड? ठाणेकरांनी खर्चाचा हिशोब असा करावा

शोरूममध्ये मायलेजचा जो आकडा सांगतात तो आधी बाजूला ठेवा, तो टेस्टमधला असतो, त्यात मानपाड्याचा सिग्नल नसतो की गायमुखचा घाट.

पहिलं काम म्हणजे स्वतःचं रनिंग काढा. महिन्याला किती किमी होतात, त्यातले ट्रॅफिकमधले किती नि मोकळ्या रोडवरचे किती. घोडबंदरवरून ऐरोली पुलाने रोज महापे गाठणारा आणि दर शनिवारी एक्सप्रेसवे पकडून साताऱ्याला गावी पळणारा, दोघांचं उत्तर वेगळं येणार. कारण हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि जोडीला बॅटरीवरची मोटर) पैसे वाचवते ते रांगेत, गाडी सरकत असली की इंजिन बंद होतं, मोटर ओढते, ब्रेक मारला की बॅटरी थोडी चार्ज होते. एक्सप्रेसवेला ब्रेकच कमी लागतो मग तो फायदा आटतो आणि डिझेल बरोबरीला येते. (हे स्ट्राँग हायब्रिडचं चाललंय हां, माइल्डवाली नुसत्या मोटरवर चालत नाही, नुसत्या नावाला भुलू नका.)

मग खरं अ‍ॅव्हरेज. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन्ही गाड्या सापडतील, मालकांना विनंती करा: टाकी फुल, ट्रिप मीटर झिरो, नेहमीसारखी चालवायची, परत त्याच पंपावर फुल, किमी भागिले लिटर.

आता भागाकार. उदाहरणाला डिझेल ९० रुपये धरू, गाडी ट्रॅफिकमध्ये १२ देते, म्हणजे किमीला साडेसात रुपये. पेट्रोल १०४, हायब्रिड १८ देते, म्हणजे ५ रुपये ७८ पैसे. फरक १ रुपया ७२ पैसे. हायब्रिड ऑन-रोड २ लाखांनी महाग पडत असेल तर २ लाख भागिले १.७२, साधारण १ लाख १६ हजार किमीनंतर पैसे वसूल, आणि वर्षाला १२ हजार किमी चालवणाऱ्याला पावणेदहा वर्षं लागतील! तुम्ही तुमचे आकडे नि आजचा भाव टाका. एक्स-शोरूम किंमत मात्र धरू नका, महाराष्ट्रात डिझेलला रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा २ टक्के जास्त आहे.

मेंटेनन्सचं थोडक्यात. नवीन डिझेलला डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, नुसतं नाक्यापर्यंत जाऊन आलात तर त्यात काजळी साठते, ती जाळायला गाडी अधूनमधून मोकळ्या रोडवर पळवावीच लागते, काहींना वर धूर स्वच्छ करायचं युरियाचं द्रावण म्हणजे अ‍ॅडब्लूपण भरावं लागतं. हायब्रिडमध्ये बघायची ती बॅटरी, टोयोटा-मारुती तिला ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीची वॉरंटी देतात, त्यानंतर बदलायचा खर्च किती ते लेखी मागा. टोल दोघींना सारखाच, तो हिशोबात नको.

टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी घेऊ नका, रस्ता रिकामा असतो. संध्याकाळी सातला माजिवड्याला न्या, सेल्समन कुरकुरला तरी.