अ‍ॅव्हरिलचा ‘अंडर माय स्किन’ नीट कसा ऐकायचा (ठाणे ते पनवेल, एका दमात)

अ‍ॅव्हरिल लव्हीन ही कॅनडाची पॉप-रॉक गायिका, पण तिचं नाव काढलं की आपल्याकडे लोक लगेच ‘कॉम्प्लिकेटेड’ नाहीतर ‘गर्लफ्रेंड’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. या दोन गाण्यांच्या मधे, २००४ च्या मे महिन्यात, तिचा दुसरा अल्बम आला, ‘अंडर माय स्किन’, आणि माझं स्पष्ट मत आहे की ही बाई गाणी लिहिणारी म्हणून कोण आहे ते कळायला हाच अल्बम ऐकायला हवा, तोही तुकड्यातुकड्यात नाही तर पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, आहे त्या क्रमाने.

तुकड्यात ऐकायची सवय आपल्याला जुनीच आहे. तेव्हा स्टेशनबाहेर एमपीथ्री सीडी मिळायच्या, एकेका सीडीत शंभरेक गाणी कोंबलेली, कुठलं गाणं कुठल्या अल्बममधलं याचा पत्ता नाही, आणि बाकीचं काम एमटीव्ही आणि चॅनल व्ही करायचे. त्यामुळे ‘माय हॅपी एन्डिंग’ सगळ्यांना पाठ आहे पण त्याच्या पुढचं-मागचं काय ते कोणालाच माहीत नाही.

आधी फोनचं बघू. शफल बंद करा, ऑटोप्लेही बंद करा, नाहीतर शेवटचं गाणं संपल्यावर तुमचं मन तिथून हलायला नको असतं आणि अ‍ॅप दुसऱ्याच कोणाचं गाणं लावून मोकळं होतं. अल्बम डाउनलोड करून ठेवा म्हणजे मधेच रेंज गेली तर अडणार नाही. मूळ अल्बममधे १२ गाणी आहेत, बोनस गाणं असलेली आवृत्ती दिसली तरी ‘स्लिप्ड अवे’ संपलं की थांबायचं. इक्वलायझरमधे बेस वाढवून ठेवला असेल तर तो नॉर्मलला आणा, कारण या अल्बममधे गिटार आधीच जाड आहेत, वरून बेस चढवला की तिचा आवाज त्यात बुडतो.

आता जागा. अल्बम चाळीसेक मिनिटांचा आहे आणि ठाणे-पनवेल लोकल त्याहून थोडी जास्त वेळ घेते, इतकं छान माप कुठे मिळणार. दुपारची गाडी धरा, ठाण्याला ९-१० नंबरला जाऊन पनवेलचीच बघून चढा, वाशीची नको, वाशी लवकर येते आणि अल्बम अर्धवट राहतो. गर्दीच्या वेळी हा प्रयोग करू नका, आणि फूटबोर्डवर उभं राहून कानात इयरफोन तर अजिबात नको. सीट मिळाली, गाडी हलली, की प्ले.

पण त्याआधी, प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघताना एकच गाणं ऐकून घ्या, तिच्या पहिल्या अल्बममधलं ‘लूजिंग ग्रिप’. तो पहिला अल्बम ‘लेट गो’, जून २००२ चा, तेव्हा ती १७ वर्षांची होती, कॅनडात ऑन्टारिओमधल्या नॅपनी नावाच्या लहान गावातून आलेली. त्यातली सगळ्यात गाजलेली गाणी तिने द मेट्रिक्स या तिघांच्या टीमबरोबर केली आणि ती गाणी कोणी किती लिहिली यावरून नंतर भरपूर चर्चा झाली. ‘लूजिंग ग्रिप’ मात्र क्लिफ मॅग्नेस या गीतकार-निर्मात्याबरोबरचं, जास्त जड, जास्त रागीट. माझ्या मते दुसऱ्या अल्बमचं बी तिथेच आहे.

दुसऱ्या वेळी द मेट्रिक्स नाहीत. ती कॅनडाचीच गायिका शॅन्टल क्रेव्हियाझुक हिच्याबरोबर लिहायला बसली, कॅलिफोर्नियात मालिबूमधल्या शॅन्टलच्या घरी, आणि शॅन्टलचा नवरा रेन मेडा, जो आवर लेडी पीस या बँडचा गायक, त्याने काही गाणी प्रोड्यूस केली. शिवाय बुच वॉकर, आणि लिंकिन पार्क या रॉक बँडचे पहिले दोन अल्बम प्रोड्यूस करणारा डॉन गिलमोर. हे का सांगतोय, तर ऐकताना गिटार अचानक भिंतीसारखी उभी राहते ना, ते कुठून आलं असेल याचा अंदाज येतो.

पहिलंच ‘टेक मी अवे’ तुम्हाला सांगून टाकतं की हा ‘लेट गो’ नाहीये. इथून पुढे एकाच गोष्टीकडे कान ठेवा, कडव्यात ती किती हळू आहे आणि कोरसला किती वर जाते, कारण हळू-मोठं-हळू हा सगळ्या अल्बमचा श्वास आहे. ‘डोन्ट टेल मी’ तिने तिचा गिटारिस्ट इव्हन टॉबेनफेल्डबरोबर लिहिलंय, मुलगा घाई करतोय आणि ती सरळ नाही म्हणतेय, १९ वर्षांच्या मुलीने इतक्या शांतपणे सुरू करून इतक्या ठामपणे संपवलेलं गाणं मला आजही भारी वाटतं. त्यानंतर ‘ही वॉझन्ट’, अल्बममधलं सगळ्यात चोख पॉप-पंक, म्हणजे पंकचा वेग आणि पॉपची चाल, जेमतेम तीन मिनिटं. लोकल वेळेवर असेल तर तुर्भ्याच्या आसपास ‘माय हॅपी एन्डिंग’ संपत असेल, आणि इथे बहुतेक जण थांबतात, तुम्ही थांबू नका.

खरा अल्बम इथून पुढे आहे. ‘नोबडीज होम’ तिने बेन मूडीबरोबर लिहिलं, तो तेव्हा नुकताच इव्हनेसन्स या अंधाऱ्या सुराच्या रॉक बँडमधून बाहेर पडला होता आणि ते कळतं, घर सुटलेल्या मुलीचं गाणं आहे, पण ती रडारड करत नाही. ‘फरगॉटन’ अंधारं आहे, ‘हू नोज’ आलं की जरा मोकळं वाटतं, ‘फ्रीक आउट’ला डोकं हलतंच. आणि शेवटी ‘स्लिप्ड अवे’, तिच्या आजोबांसाठी. हे गाणं शेवटीच का ठेवलंय ते आधीची अकरा गाणी ऐकल्याशिवाय कळत नाही, म्हणून तर क्रमाचा एवढा आग्रह. साधारण खारघरच्या आसपास संपेल, पुढच्या स्टेशनांना काही लावू नका, खिडकीबाहेर बघत बसा.

परतीच्या गाडीत बाकी करिअर थोडं थोडं चाखा. ‘अंडर माय स्किन’ अमेरिकेत थेट नंबर १ ला आला आणि २००५ मधे कॅनडाच्या जुनो अवॉर्ड्समधे पॉप अल्बमचा पुरस्कारही मिळाला, म्हणजे तिने हाच सूर पुढे चालवला असता तर कोणी अडवलं नसतं, तरी २००७ ला तिने एकदम उलटं केलं, ‘द बेस्ट डॅम थिंग’, टाळ्या, धिंगाणा, आणि ‘गर्लफ्रेंड’ हे बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या गाण्यांच्या यादीतलं तिचं एकमेव नंबर १ गाणं. २०११ चा ‘गुडबाय लल्लबाय’ परत मऊ. मग लाइम डिसीज या गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या रोगाचं आजारपण, २०१५ मधे तिने ते सगळ्यांना सांगितलं, आणि २०१९ ला ‘हेड अबव्ह वॉटर’. तिथला आवाज ऐकताना ‘स्लिप्ड अवे’ आठवेल, मला तरी आठवतो.

शेवटी २०२२ चा ‘लव्ह सक्स’, ब्लिंक-१८२ या पॉप-पंक बँडचा ड्रमर ट्रॅव्हिस बार्कर याच्या लेबलवर, अर्ध्या तासाहून थोडाच मोठा. वेळ असेल तर पूर्ण ऐका, नसेल तर ‘ही वॉझन्ट’ आणि लगेच ‘लव्ह सक्स’मधलं ‘बाइट मी’ असं पाठोपाठ लावा, मधे १७ वर्षं गेलीत, ड्रम्स किती बदललेत आणि तिची शब्द फेकायची पद्धत किती थोडी बदललीय ते दोन गाण्यांत कळेल.